सुलतानशेठचा फ्लेक्स

काळेवाडीत आम्ही राहायचो त्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला कुत्र्याचा होता, आणि ही गोष्ट आमचे घरमालक नानाशेठ येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगायचे. वरचा मजला म्हणजे उघडी गच्ची. तिथे ना पत्रा, ना झाड, ना आडोशाची भिंत. पाण्याची एक काळी टाकी, समोरच्या कठड्याच्या लोखंडी गजाला बांधलेली साखळी आणि साखळीच्या टोकाला सुलतान. टाकीची सावली पडायची खरी, पण साखळी पुरायची त्याच्या हातभर पलीकडे. सुलतान त्या सावलीच्या कडेला उभा राहून तिच्याकडे बघायचा. मला आजही एखाद्याच्या ऐपतीबद्दल कुणी बोलू लागलं की ती हातभर जागा आठवते.

नानाशेठ मूळचे तिथल्याच गावचे. चाकणच्या बाजूला त्यांची वडिलांकडून आलेली जमीन होती, ती कंपन्यांसाठी गेली आणि हातात एकदम पैसा आला. तो त्यांनी त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे लावला. पांढरी स्कॉर्पिओ घेतली, गळ्यात एक साखळी घातली आणि गच्चीवर एक. कुत्रा डॉबरमन होता. विकणाऱ्याने त्याचे कान कापून उभे केले होते, शेपूट बुडाशी तोडली होती, आणि हे सगळं अस्सलपणाचं लक्षण म्हणून शेठ दाखवायचे. कुत्रं घाबरलं, खूश झालं, चिडलं तर ते कानांनी आणि शेपटीने सांगतं. याचं बोलणं आधीच छाटून टाकलेलं, मग हा नुसता भुंकायचा. लोक म्हणायचे, काय दम आहे आवाजात.

आम्ही तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत. वडील, म्हणजे अण्णा, लातूरकडून आलेले, भोसरीला एका प्रेसशॉपमध्ये कामाला. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटण्याच्या आवाजाने त्यांचे कान एवढे बधिर झाले होते की घरातही ते मोठ्याने बोलायचे. आई कंपनीतल्या एकट्या पोरांचे डबे करायची. पहाटे स्टोव्हची फरफर, मग परातीत भाकरी थापल्याचा थपथप आवाज, मग शेंगदाण्याची चटणी कुटणं, आणि या सगळ्यावर भाजलेल्या येसराच्या मसाल्याचा वास. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज अंबाडीची भाजी असायची, मला ती मुळीच आवडायची नाही आणि आज ती मिळावी म्हणून मी तीन बाजार पालथे घालते. मी अकरावीला होते आणि घरात जागा नसल्याने जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून अभ्यास करायची. त्यामुळे त्या इमारतीत कोण काय बोललं हे मला सगळं ठाऊक असायचं.

कुत्रं कसं पाळावं याचं नानाशेठांकडे एक शास्त्र होतं, आणि ते त्यांचं एकट्याचं नव्हतं, गल्लीतल्या सगळ्या साखळीवाल्यांचं होतं. कुत्रं तिखट पाहिजे. तिखट व्हावं म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही. सावलीत ठेवायचं नाही, आळशी होतं. फिरवायचं नाही, दुसरी कुत्री बघून सलगी शिकतं. दर शनिवारी दूधचपातीत लवंगी मिरच्या कुस्करून घालायच्या. आणि सुई कधी टोचायची नाही, सुईने जनावराचा दम जातो. हे सांगताना शेठांच्या चेहऱ्यावर असा भाव असायचा की जणू पिढ्यान् पिढ्या यांच्या घरात डॉबरमनच होते. खरं म्हणजे त्यांच्या वडिलांच्या गोठ्याशी जी कुत्री होती ती मोकळी हिंडायची, गाडीखाली झोपायची आणि राखणही करायची. पैसा आला आणि घरातलं शहाणपण पहिलं बाहेर पडलं.

अण्णांची नाइट असली की ते सकाळी येऊन झोपायचे, आणि ऊन चढलं की वर सुलतान सुरू व्हायचा. अण्णा उशी कानांवर दाबून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्यांच्या कानांना प्रेसशॉप चालायचं, हे चालायचं नाही. मी दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची. बादलीत ओल्या कपड्यांखाली एक भाकरी असायची. पहिले काही दिवस तो गुरगुरायचा. मी त्याच्याकडे पाठ करून भाकरी ठेवायची आणि कपडे झटकत बसायची. मग एक दिवस तो गुरगुरला नाही, आणि पुढे कधीतरी मी वर आले की तो बसायला लागला. मी दोरी अशी बांधली की अण्णांच्या कंपनीच्या निळ्या शर्टांची आणि आईच्या लुगड्याची सावली त्याच्या अंगावर पडावी. आठवडाभर चाललं. मग शेठांच्या नजरेला आलं आणि त्यांनी दोरी सोडून पार पलीकडच्या कठड्याला बांधली. मला काही बोलले नाहीत. भाडेकरूच्या पोरीशी काय बोलायचं.

आई मात्र बोलायला गेली. वर एखादी ताडपत्री टाका म्हणाली, आमच्याकडे जुनी आहे, आम्हीच बांधतो. शेठ खुर्चीत बसून दात कोरत होते. म्हणाले, "ताई, तुमी डब्याचं बघा. कुत्रं आमाला शिकवू नका. सावलीत बसवलं तर ते कुत्रं न्हाई, पाव्हणा व्हतो."

आई परत आली ती भाकरीच्या पिठावर राग काढत. त्या दिवशीच्या भाकऱ्या फार पातळ झाल्या होत्या.

आणि मग सुलतानचा वाढदिवस आला. चौकात विजेच्या खांबापासून किराणा दुकानाच्या पाटीपर्यंत फ्लेक्स लागला. 'काळजाचा तुकडा, गल्लीचा दरारा, सुलतानशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' फ्लेक्सवाल्याने कुत्र्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल आणि गळ्यात सोन्याची साखळी चिकटवली होती. खाली गोल फोटोंमध्ये शुभेच्छुक, प्रत्येकाच्या कानाला मोबाइल. सगळ्यात वर उजव्या कोपऱ्यात भाऊ. भाऊ म्हणजे आमच्या भागातले होऊ घातलेले नगरसेवक. कित्येक वर्षं होऊच घातलेले होते. केक त्यांच्या हस्ते कापायचा होता, आणि त्यांना पुढे दोन लग्नं असल्याने कार्यक्रम भर सकाळी ठेवला. मी आजवर फ्लेक्सवर हसत आले, पण हल्ली आमच्या सोसायटीत मे महिन्यात केसाळ हस्की घेऊन लिफ्टमध्ये उभे असलेले इंजिनियर बघते आणि वाटतं, नानाशेठांनी निदान इंग्रजी झाडलं नव्हतं.

सुलतानला खाली आणलं, फाटकाच्या गजाला बांधलं. शेठांच्या ड्रायव्हरने, पोपटने, त्याच्या कपाळाला गुलाल फासला आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. डीजे सुरू झाला तेव्हा आमच्या खोलीतली भांडी फळीवर नाचू लागली. त्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मी जिन्यावर होते. सुलतान जांभया देत होता, जीभ नाकावरून फिरवत होता, मान वळवत होता. लोक म्हणाले, बघा, कंटाळला, सवय आहे त्याला. आज मला माहीत आहे की कुत्रं त्या जांभयांनी हात जोडत असतं. त्या दिवशी एवढंच दिसत होतं की तो मागे मागे सरकतोय आणि मागे साखळी संपली आहे. भाऊंनी केकचा तुकडा उचलला, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि न बघता हात कुत्र्याच्या तोंडापाशी नेला. सुलतानने केक घेतला नाही, हात घेतला.

पुढचा अर्धा तास त्या गल्लीतल्या एकूण अकलेचं प्रदर्शन होतं. कुणी जखमेवर हळद दाबली, कुणी तिखट, कुणी म्हणाला कॉफीची पावडर लावा. पाणी लावू नका यावर मात्र सगळ्यांचं एकमत. नानाशेठांचा चेहरा पांढरा पडला होता, तो भाऊंच्या हाताच्या काळजीने नव्हे. चौकात आपल्या कुत्र्याने भाऊंचा चावा घेतला, आता अब्रू कशी झाकायची, हा प्रश्न होता. त्यांनी तो चटकन सोडवला. कुत्रं पिसाळलंय म्हणून जाहीर केलं आणि पोपटला सांगितलं, टेम्पोत घाल आणि चाकणच्या पलीकडे सोडून ये. जो सकाळी काळजाचा तुकडा होता, तो केकची मेणबत्ती गार व्हायच्या आत टेम्पोत गेला. हारसुद्धा कुणी काढला नाही.

डॉक्टरने भाऊंची जखम आधी साबणाने नळाखाली खूप वेळ धुतली, तिखट निघताना भाऊ ओरडत होते म्हणे. मग इंजेक्शन दिलं आणि विचारलं, कुत्र्याला रेबीजची लस दिली होती का. सगळे नानाशेठांकडे बघू लागले, शेठ भिंतीकडे. फ्लेक्सवाल्याचा नंबर तिथल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता, जनावरांच्या डॉक्टरचा एकाच्याही नव्हता. डॉक्टर म्हणाला, इंजेक्शनं पूर्ण घ्याच, पण कुत्रं दहा दिवस नजरेसमोर ठेवा. ठणठणीत राहिलं तर काळजी मिटली. पळालं किंवा मारलंत तर कळायला मार्ग नाही. यावर भाऊंनी शेठांना एकच प्रश्न विचारला, "कुत्रं कुठाय?"

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं स्कॉर्पिओत बसले. शेठ स्वतः आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, पोरीला पाठवा, ती वर भाकर घेऊन जाते, तिला ते वळखतं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मागे भाऊंच्या माणसांच्या दोन गाड्या. चाकणच्या रस्त्याला कंपन्यांच्या फाटकांमधून, ट्रकांच्या रांगांमधून ती मोठी मोठी माणसं खिडकीतून मान बाहेर काढून 'सुलतान, सुलतान' म्हणून हाका मारत होती. वॉचमन हसत होते. तो मला सापडला एका कंपनीच्या बाहेर, उभ्या असलेल्या कंटेनरच्या खाली. हार अजून गळ्यात, कपाळाला गुलाल, आणि सावलीत चारी पाय पसरून गाढ झोपलेला. मी त्याला तोवर कधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. गच्चीवर फरशी तापायची म्हणून तो उभाच असायचा किंवा फार तर बसायचा. मी नुसती हाक मारली, तो उठला आणि माझ्याबरोबर गाडीत चढला. शेठ पुढच्या सीटवर दाराला चिकटून बसले होते.

वर गच्चीवर जाऊन त्याच्यावर नजर ठेवायला कुणी तयार नव्हतं, शेठांच्या घरातलं तर कुणीच नाही. तेव्हा ती जबाबदारी भाडेकरूंवर आली. अण्णा तडकले, मी झोपायचं कधी म्हणाले. आईने मात्र एका अटीवर हो म्हटलं, कुत्रं जिन्याखाली सावलीत राहील आणि मिरची बंद. ते दहा दिवस मी कधीही विसरणार नाही. सकाळ-संध्याकाळ भाऊंची माणसं यायची आणि लांबूनच सुलतानला न्याहाळायची. भाऊ स्वतः मला फोन करून विचारायचे, आज काय खाल्लं, पाणी प्यायला का, शी नीट झाली का. मतदारांची इतकी चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. कुणी मटणाचं पाणी आणून द्यायचं, कुणी अंडी. एकदा भाऊ हाताला पट्टी बांधून फाटकाशी आले आणि मी पाहिलं, त्यांनी नकळत कुत्र्याला नमस्कार केला. मला हसू आवरत नव्हतं, आणि रागही.

सुलतान त्या दहा दिवसांत भुंकलाच नाही म्हटलं तरी चालेल. जिन्याखाली पोत्यावर पडून जाणारेयेणारे पाय बघायचा. डबे न्यायला पोरं यायची, त्यांचा वास घ्यायचा आणि परत मान टाकायचा. तुटक्या शेपटीचा बोटभर खुंट हलतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अण्णा चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारचे उठले, बाहेर आले, त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर बोलतच न्हाई की. वर एवढं काय वरडत होतं?" आई आतून म्हणाली, उन्हात उभं राहून बघा म्हणजे कळेल. त्यानंतर अण्णा चहाबरोबरचा अर्धा बटर त्याला द्यायला लागले, आम्ही बघत नाही असं समजून.

मुदत संपली. भाऊ वाचले, पेढे वाटले गेले, आणि नानाशेठ साखळी घेऊन खाली आले. आईने विनवलं, इथेच राहू द्या, आम्ही खाऊपिऊ घालतो, कुत्रं तुमचंच. तेव्हा शेठ जे म्हणाले ते मी शब्दशः सांगू शकते. "मालकाचं कुत्रं भाडेकरूच्या दारात लोळतंय, हे गल्लीनं बघायचं व्हय? आमाला काय इज्जत हाय का न्हाई?" सुलतान जिन्यात बसून राहिला. त्याला ओढत वर नेलं. एक-एक पायरी नखांचा आवाज येत होता.

एप्रिल सरताना शेठांचं सगळं घर जुन्नरकडे लग्नाला गेलं. मी लाड करते म्हणून गच्चीच्या दाराला त्यांनी नवं कुलूप लावलं होतं. पहिला दिवसभर सुलतान भुंकत होता. आईने शेठांना फोन केला. बादली भरून ठेवली आहे, राखण करतोय, करू द्या, म्हणाले आणि मागे सनई वाजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो भुंकत होता. अण्णा नाइट करून आले आणि झोपले. दुपारी उठून चहा घेताना म्हणाले, "आज झोप लागली बघ." आणि कप तसाच हातात धरून थांबले. आईने त्यांच्याकडे बघितलं. अण्णांनी पलंगाखालून हातोडा काढला आणि जिना चढून कुलूप फोडलं. मी मागोमाग गेले. फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. बादली केव्हाच कलंडून कोरडी पडली होती. सुलतान साखळी ताणून टाकीच्या दिशेने आडवा पडलेला होता. त्याचे पुढचे दोन्ही पाय सावलीत पोचले होते.

मी ते लिहून झाल्यावर आज उठून घरभर फिरून आले. इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात दया म्हणून येत नाही, आणि ती यावी अशी माझी इच्छाही नाही.

शेठ परतले तेव्हा त्यांना दुःख झालं. झालंच, मी नाकारत नाही. ते मोठ्याने रडले, चौकात रडले. दुसऱ्या दिवशी खांबापासून दुकानापर्यंत फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. सुलतानशेठ, तुमची उणीव कायम भासेल.' फोटो तोच, गॉगलही तोच. वर कोपऱ्यात भाऊ, या वेळी हात जोडलेले. कुलूप कुणी फोडलं याची मात्र कसून चौकशी झाली, आणि नुकसान आमच्याकडून भरून घेतलं.

पंधरवड्याने शेठांनी नवं पिल्लू आणलं. तीनेक महिन्यांचं, तांबूस, कानांना अजून पट्ट्या. गच्चीकडे आता पाऊल उचलत नाही म्हणाले, म्हणून ते फाटकाशी, स्कॉर्पिओच्या बाजूला बांधलं. भर उन्हात. आणि स्कॉर्पिओवर, सीट तापू नयेत म्हणून, सुलतानचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स पांघरला होता. बॉनेटवर गॉगल घातलेला चेहरा होता. पिल्लू गाडीखाली जायला बघायचं आणि साखळी त्याला ओढून धरायची.

आई डबे भरत होती. तिने हात धुतले, बाहेर गेली, गाडीवरचा फ्लेक्स ओढून काढला आणि त्याची दोन टोकं फाटकाला, दोन जिन्याच्या कठड्याला बांधली. पिल्लू लगेच त्याखाली आडवं झालं. शेठ धावत आले, हे काय चालवलंय म्हणाले. आईने गाठ पक्की केली आणि म्हणाली, "गाडीला ऊन लागत नसतं, शेठ."

संध्याकाळच्या आत खोल्या खाली करायचा निरोप आला. अण्णांनी दिघीला दोन खोल्या बघितल्या. सामान न्यायचं त्या रविवारी शेठ भाऊंच्या कार्यक्रमाला गेले होते. फ्लेक्स परत गाडीबरोबर गेला होता आणि फाटकाशी पिल्लू पुन्हा उन्हात होतं. आम्ही सिलिंडर चढवला, पलंग चढवला, आईची परात चढवली. सगळ्यात शेवटी अण्णा फाटकाकडे गेले, पट्ट्याची कडी सोडली आणि पिल्लाला काखेत घेऊन गाद्यांच्या मध्ये बसवलं. आईने गादी जरा सरकवून दिली. टेम्पोवाल्याने विचारलं, कुत्रं तुमचंच ना. अण्णा म्हणाले, "मग कुणाचं?"

महिनाभर मी दारावरच्या प्रत्येक थापेला दचकायची. शेठ येतील, पोलीस आणतील असं वाटायचं. कुणी आलं नाही. मला उशिरा उमगलं की ते येणंच शक्य नव्हतं. राखणीला आणलेलं अस्सल डॉबरमन राखणीच्या जागेवरून भाडेकरूने काखेत मारून नेलं, हे ते कोणत्या तोंडाने सांगणार होते. ज्या इज्जतीने सुलतानला गच्चीवर ओढत नेलं, तीच आमच्या पिल्लाच्या कामी आली. दिघीत त्याला लस टोचून घेतली, तरी दम काही गेला नाही. कानांच्या पट्ट्या काढल्या तर एक कान उभा राहिला आणि एक पडला. ते कुणावर धावून गेलं नाही. अण्णांची नाइट असली की दुपारी दोघे एकाच सतरंजीवर, पंख्याखाली, एकमेकांकडे पाठ करून झोपायचे.